ब्याऐंशी अंशांचा चहा

बसा मंडळी, बसा! मागचे पुढं या. पुढचे मागं सरकू नका — प्रसाद दोन्हीकडं सारखाच मिळणार आहे. आता डोळे मिटा आणि त्या सावळ्या मूर्तीचं नाव एकदा मनापासून घ्या... घेतलं? उघडा डोळे. उघडा म्हणतोय! तिसऱ्या रांगेत दोघांनी संधी साधलेली दिसते. नाव घ्यायला सांगितलं होतं, डुलकी नव्हे!

पूर्वरंगात आपण काय ऐकलं? दारी आलेला पाहुणा देवासारखा मानावा. तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. फार सुंदर डोलावल्या! पटलं म्हणून डोलावल्या की तबल्याचा ठेका बरा होता म्हणून, ते तुम्ही आणि देव बघून घ्या. मला मात्र एक प्रश्न पडलाय, आणि तो मी तुमच्या पदरात टाकणार आहे. झेला!

दारात माणूस येतो. आपण त्याला चहा देतो. तर सांगा — चहा माणसासाठी असतो, की माणूस चहासाठी असतो?

हसलात! "काय महाराज, शेंबड्या पोराला येईल उत्तर!" येईल ना. शेंबड्या पोराला येईल. एकसष्ट वर्षांच्या, बीएस्सी झालेल्या, चष्मा लावणाऱ्या माणसाला आलं नाही! ऐका.

कऱ्हाडात, नदीकडच्या एका कॉलनीत रंगराव डुबल नावाचे गृहस्थ राहतात. छत्तीस वर्षं एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. काम काय? रस नळीत घ्यायचा, थर्मामीटर बुडवायचा, आकडा लिहायचा. छत्तीस वर्षं! मग रंगराव निवृत्त झाले, पण थर्मामीटर निवृत्त झाला नाही. तो खिशातच राहिला. आता घरात मोजणार काय? आंघोळीचं पाणी मोजलं. आमटी मोजली. एकदा बायको, इंदुमतीबाई, भयंकर चिडल्या, तर त्यांचं कपाळ मोजलं — आणि म्हणाले, "इंदू, काळजी नको. तुझा राग नॉर्मल आहे."

असा माणूस रिकामा बसला, की त्याला गाठायला अध्यात्म तरी येतं, नाही तर आरोग्य. रंगरावांना आरोग्यानं गाठलं. डोंगरावर तीन दिवसांचं निसर्ग-शिबिर होतं. तिथं एक गुरुजी होते — पांढरे कपडे, पांढरी दाढी, आवाज असा मंद, की ऐकायला पुढं वाकावं लागे आणि वाकलं की आपोआप नमस्कार व्हायचा. त्यांनी रंगरावांच्या डोळ्यांत पाहिलं आणि विचारलं, "चहा पिता?"

"पितो की! सकाळी दोन, दुपारी एक."

गुरुजी म्हणाले, "नाही. तुम्ही आजवर चहा प्यायलाच नाहीत. तुम्ही पानांना छळलंत."

झालं! छत्तीस वर्षं उसाला पिळणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत चहाच्या पानांसाठी पाणी आलं.

घरी आले ते सेंद्रिय चहाचं पाकीट घेऊन. पाकिटावर हिरवा डोंगर, आणि डोंगरावर एक बाई हसतेय. का हसतेय? तिनं ती पानं विकून टाकली होती, तिला प्यायची नव्हती!

घरातली होती नव्हती ती चहा पावडर रंगरावांनी गोळा केली. फेकायची कशी? ती बिचारी रसायनात वाढलेली. परसात खड्डा खणला आणि कढीपत्त्याच्या बुडाशी तिला पुरलं. दोन मिनिटं उभे राहून शांतताही पाळली. तेव्हापासून तो कढीपत्ता, मंडळी, पहाटे पाचला जागा असतो!

आता विधी ऐका. पाणी तांब्याच्या हंड्यात आठ तास ठेवायचं. मग तापवायचं, पण उकळू द्यायचं नाही — "उकळी म्हणजे पाण्याचा क्रोध." मग ते बरोब्बर ब्याऐंशी अंशांवर आणायचं. एक्याऐंशीला पानं उमलत नाहीत, त्र्याऐंशीला दुखावतात. मातीची किटली. पहिलं पाणी पानांना आंघोळीचं — ते टाकून द्यायचं. दुसरं पाणी पिण्याचं. दूध नाही. साखर नाही — अहो, ज्या साखरेवर पोरीचं शिक्षण झालं, लग्न झालं, ती साखर आता विष! आलं? आलं ठेचतात, म्हणजे हिंसा! आणि पानं भिजत असताना स्वयंपाकघरात अक्षर बोलायचं नाही. का? पानं बिचकतात! तेवढ्या वेळात काही निकडीचं सांगायचं असेल, तर ओट्यावर पाटी-पेन्सिल ठेवली होती.

आणि हा सगळा संसार मांडायचा कुठं? गुरुजींनी सांगितलेलं, ईशान्य कोपरा. ईशान्येला कोण होतं? देव! मग काय, देव उचलले आणि फ्रीजवर ठेवले! बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक — सगळे फ्रीजवर. देवांनी कुरकूर केली का? नाही. देव सोशिक असतात. शिवाय खालून गार वाफ यायची, वैशाखाचे दिवस होते. देवघरात चहाच्या बरण्या, त्यांच्यापुढं समई. रंगराव सकाळी हात जोडायचे तेव्हा नक्की कुणाला जोडायचे, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

चार दिवसांनी दूधवाला दारात आला. टोपी काढलेली, चेहरा पडलेला. "वहिनी, दूध एकदम बंद केलंत... कळलं नाही आम्हाला. कोण गेलं?"

इंदुमतीबाई म्हणाल्या, "चहा गेला, दादा."

आणि त्या स्वतः काय करत होत्या? त्या महिन्यात बाई सतरा वेळा शेजारी हळदीकुंकवाला गेल्या. ना चैत्र, ना श्रावण! सुतारकाकूंच्या घरी जायचं, कपाळाला बोट लावून घ्यायचं, आणि आल्याचा कपभर चहा ओतून घ्यायचा. बाईचं कपाळ लालभडक, पण डोकं शांत! एवढंच नाही — मेथ्यांच्या बरणीत, मेथ्यांखाली, त्यांनी शंभर ग्रॅम पावडर दडवून ठेवलेली. हसता काय? तुमच्या घरातल्या मेथ्या शेवटच्या कधी तपासल्यात?

आता मंडळी, हसणं जरा बाजूला ठेवा. लांब नको, हाताशीच असू द्या. गोष्ट वळणावर आलीय.

रंगरावांना एक थोरला भाऊ. दिनकरराव. गावात सगळे त्यांना आबा म्हणतात. वय बाहत्तर. वडील लवकर गेले, तेव्हा या आबांनी नांगर धरला आणि रंगाला कॉलेजात धाडलं. रंगरावांचं बीएस्सी आबांच्या खांद्यावरून झालेलं! असे भाऊ. आणि नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण? शेत? नाही. बांध? नाही. लग्नपत्रिका!

रंगरावांच्या मुलीचं लग्न. पत्रिका छापायची. मुलीचे थोरले चुलते हयात, म्हणजे आबांचं नाव कुठं पाहिजे? सगळ्यांत वर! आंधळ्यालाही कळतं. पण रंगराव पडले शास्त्रीय. म्हणाले, मानापानावरून घोळ नको, आपण नावं वर्णक्रमानं लावू. हजेरीपटासारखी! अ आधी, द नंतर. झालं — "अनिल" वर, "गणपत" वर, आणि च चा कोण? चिंटू! वय वर्षं दोन! "माझ्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!" — आणि त्या चिंटूच्या खाली, दिनकर तुकाराम डुबल!

आबांनी पत्रिका वाचली. चष्मा पुसला. परत वाचली. आणि एवढंच बोलले, "ज्यानं अजून चड्डी घातली न्हाई, त्याच्या खाली मी? रंगा, हितून पुढं तुझ्या घरचा च्या मला वर्ज्य."

मंडळी, आपल्याकडं वैराला दुसरी भाषा नाही. कुणी म्हणत नाही, "मी तुझा द्वेष करतो." आपण म्हणतो, "तुझ्या घरचा चहा घेणार नाही." आणि वैर मिटवायचं झालं तर? "मला क्षमा कर" म्हणतो का आपण? म्हणून दाखवा घरी! बायको डॉक्टरकडं नेईल. आपण काय म्हणतो? दारात जातो, चप्पल काढतो, खुर्चीत बसतो, आणि म्हणतो — "चहा टाक."

ते ऐका आता. मंगळवार. दुपारचे चार. दारात जीप थांबली. काठी टेकत कोण उतरलं? आबा! जीपमध्ये मागं आबांच्या बायको, आक्का. त्या उतरल्या नाहीत. म्हणाल्या, "मला कुणी चहाला बोलावलेलं नाही." बरोबर आहे. वैर मिटवायला निघालं, तरी थोडं जीपमध्ये ठेवावं. लागलं तर असावं!

"रंगा, हायस का घरात?"

इंदुमतीबाई बाहेर आल्या. आबांना पाहिलं. पदर डोक्यावर घेतला आणि त्याच पदरानं डोळेही पुसले. रंगराव आले. भावाला पाहिलं. आबा खुर्चीत बसले, काठी भिंतीला टेकवली, आणि म्हणाले, "इंदू, च्या टाक."

नऊ वर्षं! तीन शब्दांत नऊ वर्षं संपत आली होती, मंडळी. फक्त एक कप मध्ये होता.

इंदुमतीबाई वाऱ्यासारख्या आत. मेथ्यांच्या बरणीत कोपरापर्यंत हात! मागच्या दारानं सुतारकाकूंकडून दूध आलं. पातेलं चढलं. पाच मिनिटांचं काम. एवढ्यात मागं कोण उभं? रंगराव!

"इंदू! हे काय? ही पावडर? या घरात?"

"अहो, आबा आलेत—"

"म्हणूनच! नऊ वर्षांनी माझा भाऊ आलाय आणि त्याला हा रोजचा काढा देऊ? आज आपल्याकडचं सगळ्यांत चांगलं द्यायचं. सरक, मी करतो."

थांबा मंडळी! हे बोलणं वाईट आहे का? कपटाचं आहे का? नाही हो, प्रेमाचं आहे! म्हणून तर सांगतो — चूक कधी काळं तोंड करून येत नाही. आंघोळ करून, गंध लावून येते. दारातच नमस्कार करते. आपणच तिला पाट देतो.

रंगरावांनी गॅस मंद केला. थर्मामीटर काढला. इंदुमतीबाई बाहेर आल्या, तर खुर्चीत बसलेले आबा त्यांना हळूच म्हणाले, "पुण्याला चाललोय. उद्या सकाळी बायपास हाय."

"आबा!"

"चार नळ्या बंद झाल्यात म्हणं. डॉक्टर म्हणतोय, वय झालंय, सांगता येत न्हाई. आज रात्री आठच्या आत दाखल व्हायचंय. म्हटलं, जायच्या आधी रंगाच्या घरचा च्या घ्यावा. न्हाई तर वर जाऊन म्हाताऱ्याला काय सांगू? धाकट्याशी बोलत न्हवतो म्हणून?"

कळलं, मंडळी, काय पणाला लागलंय? एक कप! तो आधी पोटात गेला पाहिजे, मग छाती उघडली पाहिजे. क्रम चुकला तर कदाचित कधीच नाही.

बाई धावत आत. "अहो—"

"श्शू!" रंगरावांचं बोट ओठांवर. पानांची आंघोळ चालली होती.

बाईंनी खुणा केल्या. छातीवर हात ठेवला, वरून खाली रेघ ओढली. रंगरावांनी पाटी घेतली, शांतपणे लिहिलं, "पित्त?" आणि खाली आणखी एक ओळ, "दुधाचा चहा सोड."

बाहेर हॉर्न वाजला. ड्रायव्हर? ड्रायव्हर पान खायला गेलेला! मागच्या सीटवरून पुढं वाकून हॉर्न ताब्यात घेतला होता तो आक्कांनी. सत्तरीची बाई, आयुष्यात पहिल्यांदा हॉर्न हाताला लागलेला — त्या काय सोडणार?

सव्वाचार. रंगरावांनी पाणी ओतलं, थर्मामीटर बुडवला. पंच्याऐंशी! सगळं ओतून दिलं. "पहिल्यापासून!"

साडेचार. आबा म्हणाले, "इंदू, ऱ्हाऊ दे. पाणीच दे." बाईंनी पाणी दिलं. पण पाण्यानं काय होणार? पाणी आपण वैऱ्यालाही देतो, वीज मोजायला आलेल्यालाही देतो. पाण्यानं शपथ सुटत नाही!

पावणेपाच. बाईंचा धीर सुटला. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "अहो, उद्या ऑपरेशन आहे त्यांचं! छातीचं! निघालेत ते!"

आणि रंगराव, गाळणं हातात, नजर पाऱ्यावर, काय म्हणाले? म्हणाले, "हो हो, ऑपरेशन होऊ दे. आधी चहा होऊ दे."

कान होते. ऐकूही आलं. पण मन किटलीत होतं आणि किटलीवर झाकण होतं.

पेटीवाले अण्णा, सूर द्या. हे गाऊन सांगावं लागतं, बोलून पुरत नाही—

*पाणी मोजिले, पाने मोजिली, ऊब मोजिली हाती ।*
*दारी बैसल्या भावापाशी वेळ उरला किती ॥*

म्हणा माझ्यामागं! मोठ्यानं! ... बस. एवढ्या जोरात घरी कुणाला "या, बसा" म्हणालात, तर मला कीर्तन करावं लागणार नाही.

आबा उठले. काठी घेतली. "निघतो, इंदू."

"आबा, दोनच मिनिटं..."

"दोन दोन करत पाऊण तास झाला, बाय. रंगाला म्हणावं, च्या झाकून ठेव."

जीप गेली. आणि बरोब्बर तेव्हा रंगराव ट्रे घेऊन बाहेर आले. चेहऱ्यावर तेज! "आबा, ब्याऐंशी! दशांशाचाही फरक नाही!"

खुर्चीला सांगितलं. खुर्ची ऐकत होती. बाकी कुणी नव्हतं.

इंदुमतीबाईंनी आबांचा पाण्याचा पेला उचलला. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. रंगराव ट्रे धरून उभे. मग हळूहळू, मघाचं वाक्य कानातून निघून आत पोचलं. त्याला वेळ लागला, त्याची वाट खराब होती.

"इंदू... कसलं ऑपरेशन म्हणालीस?"

बाईंनी सांगितलं. सगळं. वर जाऊन वडिलांना काय सांगू, हे आबांचं वाक्यही सांगितलं. त्या कपातला पारा खाली चालला होता — सत्तर, साठ, पन्नास. बाकी काहीही असो, छत्तीस वर्षांत पहिल्यांदा रंगराव आकड्याकडं बघत नव्हते.

जीपवाल्याच्या नंबरावर फोन केला. आक्कांनी घेतला. "आज भेटू देत नाहीत. सकाळी आठला या. आणि या वेळी वेळेवर या, भाऊजी." एवढं बोलून ठेवून दिला. आक्कांनी वैर जीपमध्ये ठेवलं होतं ना? ते कामाला आलं!

सकाळी आठला दोघं पुण्याच्या त्या इस्पितळात हजर. रंगरावांच्या हातात काय? थर्मास! आणि थर्मासात काय? तोच! सेंद्रिय! पहाटे उठून पुन्हा केलेला! काय करता मंडळी, माणसाला पश्चात्ताप होतो, अक्कल वेगळ्या गाडीनं येते.

आबा खाटेवर. अंगात हिरवा झगा, मागून बंद बांधलेला. नांगर धरलेला माणूस, झग्यात बसलेला. भावाला पाहिलं आणि विचारलं, "झाला का च्या?"

रंगरावांचं धरण फुटलं. "झाला, आबा. आणलाय." झाकणात ओतला, पुढं केला — तोच नर्स ओरडली, "ओ काका! पेशंटला थेंबसुद्धा द्यायचा नाही! उपाशीपोटी ऑपरेशन असतं!"

बघा गंमत! काल प्यायला माणूस होता, चहा नव्हता. आज चहा आहे, माणूस आहे, तर पिण्याची मनाई! देवाला विनोद कळत नाही, असं कोण म्हणतं?

आबा म्हणाले, "बाई, वास घेतला तर चालंल?"

नर्स विचारात पडली. हे तिच्या पुस्तकात नव्हतं. "वास... घ्या."

आबांनी झाकण नाकाशी धरलं. डोळे मिटले. लांब श्वास घेतला. सगळे बघतायत. डोळे उघडले.

"रंगा, ह्याला वास कुठाय?"

"आबा, तो... सूक्ष्म असतो."

"सूक्ष्म म्हंजी न्हाई."

अहो, या तीन शब्दांसाठी लोक हिमालयात जातात! आबांना झग्यात मिळाले!

रंगराव रडायला लागले. "आबा, ती पत्रिका... मी नावं नुसती अक्षरांप्रमाणं..."

"गप. पत्रिका रद्दीत गेली. ऐक माझं. शुद्धीवर आलो, की मला च्या पायजे. दूध घालून, आलं घालून. तुझ्या हातचा. आणि न्हाई आलो शुद्धीवर, तर ह्यो तुझा सूक्ष्म माझ्या फोटोपुढं ठेव. फोटोला काय कळतंय!"

आणि खाट आत गेली. दार बंद झालं.

साडेपाच तास! रंगराव बाकावर. पाणी नाही, अन्न नाही. खिशातून थर्मामीटर काढला, बघितला, परत ठेवला. आतल्या माणसाचा आकडा बाहेरून मोजता येत नाही, हे तेव्हा कळलं. शेजारी आक्का. जीपमधलं वैर मांडीवर घेऊन बसलेल्या. पण तिसऱ्या तासाला त्यांनी पदराची गाठ सोडली, त्यातली खडीसाखर रंगरावांच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "खा. तुमच्यासाठी दुसरी खाट कोण अडवणार?"

सेंद्रिय आहे का, हे रंगरावांनी विचारलं नाही. खाल्ली.

आता तुम्ही सगळे श्वास रोखून बसलात. आबा उठले का, हेच ना? उठले! उगाच कशाला मारू? कीर्तनकाराला आख्यानात माणूस मारायचा मोह होतो, चार बायका रडतात, आरतीचं ताट भरतं. पण आबा उठले. सोडा श्वास.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "अर्धा कप चहा द्या. साखर चिमूटभर." नातेवाइकांच्या खोलीत एक शेगडी होती. रंगरावांनी विचारलं, "इंदू, आता साहित्य?" बाईंनी पिशवी उघडली. पावडर, आलं, चिमटीत बसेल एवढी साखर. कऱ्हाडहून निघतानाच घेतलं होतं, न सांगता! बायका काही गोष्टींचा शेवट आधीच पिशवीत घालून ठेवतात.

रंगराव शेगडीपुढं. आलं ठेचलं — हिंसा केली! चांगली दोन हातांनी केली. पावडर टाकली, दूध ओतलं.

"इंदू, उतरवायचा कधी?"

"वर आला की."

"म्हणजे किती अंशांना?"

"वर आला की!"

आणि तो आला वर! पातेल्याबाहेर, शेगडीवर, खाली रंगरावांच्या पायावर! "आई गं!" पाय भाजला, पण उरलेला गाळून, बशी लावून, लंगडत घेऊन निघाले. मागच्या आठवड्यात घरी एक थेंब सांडला असता, तर पानांची माफी मागितली असती. आता अर्धा चहा फरशीवर, आणि मागं वळून बघायला फुरसत नाही!

आबांनी कप घेतला. आक्का बघतायत, इंदुमतीबाई बघतायत, रंगराव तर असे बघतायत, जणू बारावीचा निकाल लागतोय. आबांनी एक घोट घेतला. दुसरा घेतला. कप खाली ठेवला आणि तोंड वाकडं करून म्हणाले—

"आलं लई झालंय."

मंडळी, रंगराव तिथंच, खाटेच्या दांडीला धरून, हुंदके देऊन रडले! खोलीतल्या बाकीच्या पेशंटांना वाटलं, म्हातारा गेला. म्हातारा तर बशीत उरलेलं पीत होता!

का रडले? चहाला नाव ठेवलं म्हणून? अहो, त्यासाठीच रडले! परक्याच्या घरी आपण काय म्हणतो? चहात माशी असली तरी म्हणतो, "छान झालाय हो, कुठली पावडर?" परक्याला आपण छान म्हणतो. नाव कुणाच्या चहाला ठेवतो? आपल्या माणसाच्या! "पांचट केलास." "साखर घातलीस की विसरलास?" "आलं लई झालंय." हे म्हणायला नातं लागतं. आबांनी तोंड वाकडं केलं, आणि नऊ वर्षं सरळ झाली.

आता उत्तर सांगा. चहा माणसासाठी, की माणूस चहासाठी? सांगा की! आता का गप्प? मघाशी तर शेंबड्या पोरालाही येत होतं.

मी सांगतो तुम्ही का गप्प आहात. रंगरावांना तुम्ही दीड तास हसलात. थर्मामीटरला हसलात, पाटीला हसलात. तुमचं काय आहे? कुणाचं घर आवरायचं राहिलंय, म्हणून बहिणीला बोलावलं नाही. कुणी म्हणतो, नवीन सोफा येऊ दे, मग काकांना जेवायला सांगू. कुणी भावाला फोन करायचाय, पण नीट, निवांत, चांगला मुहूर्त बघून करायचाय. सगळे ब्याऐंशी अंशांची वाट बघताय! आणि दारात जीप उभी आहे. तुमच्या जीपला तर हॉर्न वाजवायला आक्काही नाहीत.

आणि उरलेले अर्धे आबांसारखे. चिंटूच्या खाली नाव आलं, म्हणून रुसलेले. आबांना निदान डॉक्टरनं तारीख दिली होती. तुम्हाला कुणी दिलीय?

आता ऐका, आणि मग मी थांबतो. मंदिराबाहेर मंडळानं चहा ठेवलाय. उत्तम झालाय, मी चाखून आलोय. तो तुम्ही प्याल, म्हणाल "छान झालाय", आणि घरी जाल. मंडळाशी तुमचं भांडण नाही, आणि खरं सांगू, प्रेमही नाही. आज तो पिऊ नका. उरला तर मी आणि पेटीवाले अण्णा बघून घेऊ, आमची तयारी आहे. तुम्ही ज्या घरचा सोडलाय, त्या घरी जा. आत्ता सात वाजतायत, दार उघडं असेल. बसा. काय बोलायचं ते सुचणार नाही, नका बोलू. कप हातात येऊ दे. घोट घ्या. आणि मग, माझी एवढी आण आहे तुम्हाला, कसाही झाला असला तरी, छान म्हणू नका.

उठा, आरतीला माणसं कमी पडली तरी त्या सावळ्याला चालतं. त्याचा जयजयकार वाटेत करा. चालता चालता करा.